गावाकडचं पाणी

“ही मला पाणी देत नाही. सारखा लघवीला पॉट द्यावा लागेल म्हणून.”

गंगूबाई माझ्याकडे बघतच बोलली. उशाशी सिस्टरचा मोबाइल रेकॉर्ड करत होता. सिस्टरनं विचारलं — काय म्हणते? मी कन्नडमध्ये सांगितलं, “म्हणते, इथलं पाणी गोड लागत नाही. गावाकडच्या पाण्याची आठवण येते.”

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो तर गेला.

बसवनगुडीतल्या एका इस्पितळात मी आया होते. चौथी शिकलेली. सिस्टर आमच्याच वॉर्डात ड्रेसिंग करायची आणि अभ्यासही करायची — पेशंटना इथं काय सोसावं लागतं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढायचं. गंगूबाई कागलकडची, मांडीचं हाड मोडलेली. तिला कन्नड येत नव्हतं, आमच्या घरात मराठी, म्हणून मला मधे बसवलं. “अक्का, ती बोलेल तसंच सांगा हं. स्वल्पसुद्धा बदलू नका.”

पाणी देत नव्हते का? देत होते — दोन घोट. पाण्याचा जग तिचा हात पोचणार नाही असा ठेवायचे. मोडक्या मांडीखाली पॉट सरकवायला दोघी लागतात, दुसरी सदा चहाला गेलेली. पण जग दूर मी ठेवला. त्या दुसरीनं नाही.

“बिचारी,” म्हणत सिस्टरनं ते वहीत लिहिलं आणि गेली.

“सांगितलंस?” गंगूबाईनं विचारलं.

“सांगितलं.”

ती जगाकडे बघत राहिली. मी दिलं का? नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर ड्रेसिंगला आली तर गंगूबाईनं तोंड फिरवलं. ऐकूनही गप्प बसली ना सिस्टर — असंच तिला वाटणार! मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळहून, संध्याकाळी यायचा, त्यालाही ती काही बोलली नाही. बोलून काय होतं, ते तिला कळलं होतं. “माझं काही चुकलं का, अक्का?” सिस्टरनं मला विचारलं. मी म्हटलं, “म्हातारी हट्टी आहे.”

पुढे सिस्टरचा अभ्यास छापून आला. तिनं मला पेढा दिला, गावाकडच्या पाण्याचं वाक्य वाचून दाखवलं. सगळ्यांना तेच आवडलं, म्हणाली. मी पेढा खाल्ला. वरून पाणीही प्याले.

गंगूबाई आमच्याकडे नऊ दिवस होती. नऊही दिवस तहानलेली.