आक्कानं फिरवलेला पंखा

बेळगावच्या उद्यमबागेतून जाताना एखाद्या कारखान्याच्या शेडमधून विजेच्या मोटारीला लावायच्या वार्निशचा उग्र वास येतो आणि मला अनगोळातलं आमचं पत्र्याचं घर आठवतं. तेव्हा माझी मोठी बहीण नववीत होती. गल्लीत जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरून देणारं एक दुकान होतं, त्याच्यासमोर ती तासन्‌तास उभी राहायची. एकदा आमचा टेबलफॅन जळाला, तर तिनं त्या दुकानातून उरलीसुरली तांब्याची तार मागून आणली, शाळा सुटल्यावर रोज बसून पंख्याच्या मोटारीत एकेक वेढा घातला आणि वार्निश लावून उन्हात वाळवली. वडील फौंड्रीतून घरी आल्यावर तिनं बटण दाबलं. पंखा आधी थरथरला, मग फिरायला लागला. "आप्पा, म्या केलंय! वारं लागतंय न्हवं?" वडील घामेजलेला सदरा काढत थोडा वेळ वाऱ्यात उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, "चाचणीत गणिताला किती पडले?" तिनं खाली बघत सांगितलं, "बासष्ट." "शेजारच्या पोरीला ब्याण्णव हाईत. तुला माझ्यासारखं भट्टीपुढं मरायचं हाय व्हय गं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती क्लासला जाऊ लागली. त्या दुकानासमोर पुन्हा कधी थांबली नाही, आणि दहावीला शाळेत पहिली आली. आता ती बेंगळूरला मोठ्या कंपनीत आहे. परवा फोनवर मी विचारलं, "आक्का, काम आवडतंय न्हवं?" ती म्हणाली, "ह्या वर्षी पण रेटिंग चांगलं आलंय."