आईच्या डब्यात न गेलेल्या गोळ्या

ठाणे स्टेशनहून भरून सुटलेली बस माजिवड्याच्या सिग्नलला अडकली की माझ्या पोटात कळ यायची. कंडक्टरनं बस सोडून जायचं कुठे? म्हणून चार वर्षं मी ड्युटीआधी काही खायचेच नाही. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरी पाण्याची बोंब, आणि त्यात सकाळच्या माझ्या चार फेऱ्या. रिपोर्ट सगळे चांगले. डोंबिवलीचे डॉक्टर म्हणाले, "याला आयबीएस म्हणतात, आतडी चिडचिडी होतात. एक अँटिबायोटिक देऊन बघू. दिवसाला तीन, चौदा दिवस."

सहाव्या दिवशी पोट गप्प. मग काय, उरलेल्या गोळ्या आईच्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या. आमच्या मजल्यावर कोणालाही काही झालं की तो डबा उघडतो. आठवड्यात गोळ्या वाटून संपल्या आणि महिन्याभरात माझं पोट परत सुरू.

डॉक्टरांशी खोटं बोलणं काही जमलं नाही. "संक्रांतीचं वाण होतं का वाटायला?" ते म्हणाले, आणि पुन्हा तोच कोर्स लिहून दिला. "पूर्ण घेऊनही परत त्रास होऊ शकतो. पण अर्धाच घेतलात तर औषध लागू पडतं की नाही, तेच कळणार नाही."

तोवर डेपोतल्या साहेबांनी टेबलकामाचा अर्ज हातात ठेवलेला. सही केली की बसवरची ड्युटी कायमची गेली. मी तो कपाटात कोंबला. बस मला सोडायचीच नव्हती.

नवव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. काकांना जुलाब लागलेले. "दोनच दे गं." आईनं माझ्यापुढे हात केला.

"एकही नाही. काकांना दवाखान्यात नेऊ, मी येते बरोबर."

"दोन गोळ्यांनी तुझं काय अडतंय?" आई म्हणाली. "माणुसकी आहे की नाही काही?"

मला रागही आला आणि लाजही वाटली. "नोकरी अडतेय माझी," मी म्हटलं. काकू तोंड वाकडं करून गेल्या. आई माझ्याशी बोलेना. त्या दिवसापासून गोळ्या मी ड्युटीच्या बॅगेतच ठेवल्या आणि वेळ झाली की बसमध्येच गिळल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी निघताना आईनं एक डबा पुढे केला. तोच बिस्किटांचा, घासून लख्ख केलेला. आत दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी.

ठाण्याला बस सुटायच्या आधी मी दोन्ही पोळ्या खाल्ल्या. माजिवड्याला सिग्नल लागला तेव्हा मी मागच्या सीटवरच्यांना तिकिटं देत होते.