जठलं तठे

प्रॅक्टिकल संपलं की अक्का लॅबच्या दारात उभ्या राहायच्या आणि उजवा हात पुढे करायच्या. तळवा वर. मुलं ओळीने बाहेर पडायची आणि ज्याच्या खिशात चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा, एखादं भिंग किंवा चिमटा गेलेला असायचा, तो मुकाट्याने ती वस्तू त्या तळव्यावर ठेवायचा. मग अक्का एवढंच म्हणायच्या, "जठलं तठे." म्हणजे जिथलं तिथं. आरडाओरडा नाही, प्राचार्यांकडे तक्रार नाही. मी नवीन लागले तेव्हा एकदा तो हात माझ्याही पुढे आला. मी भडकलेच. "अक्का, मी शिकवते इथे!" त्यांनी शांतपणे माझ्या कानाकडे पाहिलं. कानामागे लॅबची पेन्सिल खोचलेली होती.

सुमनअक्का धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या लॅब अटेंडंट होत्या. माहेर-सासर दोन्ही चोपड्याकडचं. नवरा लवकर गेला, एकुलत्या प्रदीपला त्यांनी याच नोकरीवर शिकवलं. मी फैजपूरची, आमच्याकडची बोली निराळी, त्यामुळे त्यांचं 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' कानात बसायला मला वर्ष गेलं. मुलांसमोर त्या मला मॅडम म्हणायच्या, लॅब रिकामी झाली की पोरी. कंबरेला कायम एक कापडी बटवा खोचलेला. त्यात सुपारी नव्हती, तंबाखू नव्हती. त्यात दादर असायची, आमच्याकडची रब्बीची ज्वारी. सकाळी लॅब उघडली की आधी खिडकीत मूठभर दादर टाकायची, चिमण्या आल्या की मगच झाडू हातात घ्यायचा.

दरवर्षी उत्क्रांतीचा धडा आला की अक्का कपाटावरून एक जुना तक्ता काढायच्या. समुद्रात ज्वालामुखी फुटून वर आलेली गॅलापागोस बेटं, त्यांवरच्या फिंच पक्ष्यांच्या निरनिराळ्या चोची आणि दोन महाकाय कासवं. एकाची पाठ घुमटासारखी, दुसऱ्याच्या पाठीची पुढची कड वर उचललेली. मी शिकवायची आणि अक्का मागे स्टुलावर बसून ऐकायच्या. पाचसहा वर्षांत त्यांना तो धडा माझ्यापेक्षा जास्त पाठ झाला. एकदा तास आवरता घेत होते तर मागून आवाज आला, "मॅडम, लांब मानवालं कासव ऱ्हायनं." वर्ग खो खो हसला. मी परत तक्त्याकडे वळले. उंचावरचा निवडुंग खायला मान लांब लागते, मान वर करायला पाठीची कड उचललेली लागते, हे सगळं नीट सांगितलं. अक्कांनी मान डोलावली तेव्हाच पुस्तक मिटलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेतल्या प्रदीपने विचारलं, आई, तुला काय पाहिजे? त्याला वाटलं असेल, काशी-रामेश्वर. अक्का म्हणाल्या, "माले ते कासव देखनं शे." पोराने खरंच त्या बेटांच्या जहाजसफरीच्या दोन जागा काढल्या. ऐनवेळी त्याला सुट्टी मिळेना, तर म्हणाला, सोबत कोणालाही घेऊन जा. दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या दारात. "तू चाल. बठ्ठं तुनाच तोंडथून ऐकेल शे."

निघताना मी त्यांची बॅग उपसली. लोणच्याची बरणी, बिबडे, शेंगदाण्याची चटणी, सगळं बाहेर. त्या बेटांवर बाहेरचं बी, फळ, माती काही न्यायचं नाही, असा कडक नियम. एक परकं बी रुजलं तरी तिथलं रान बिघडतं. विमानात फॉर्म आला. बियाणं आहे का? मी दोघींच्या फॉर्मवर 'नाही'वर खूण केली आणि अक्कांची सही घेतली. विचारलंसुद्धा नाही. बॅगा तपासल्या गेल्या, त्यात काहीच नव्हतं. कंबरेचा बटवा मात्र मला दिसलाच नाही. इतकी वर्षं रोज पाहिलेला, मी तो त्यांच्या अंगाचाच भाग धरून चालले होते.

जहाज लहानसं होतं, सोळा प्रवासी. आमची गाइड एलेना त्याच बेटांवर जन्मलेली, तिशीतली, बोलायला गोड आणि नियमाला पक्की. रबरी होडीतून आम्ही पहिल्या बेटाच्या धक्क्याला लागलो तर बाकड्यावर एक समुद्रसिंह आडवा झोपलेला. अक्का त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "अव माय! याले उठाडी कोन?" काळ्या दगडांवर घोरपडी ऊन खात पडलेल्या, मधूनच नाकातून मिठाचं पाणी उडवायच्या. अक्कांना फार हसू आलं. "यासले सर्दी व्हयनी का?" मी भाषांतर केलं तर एलेनाही हसली. कोणताही प्राणी माणसाला बघून हलत नव्हता. अक्का हळूच म्हणाल्या, "आठे कोनी यासले दगड मारेल नही दिखस."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या एका खडकावर टेकल्या होत्या. एक मळकट काळपट पाखरू उड्या मारत आलं आणि थेट त्यांच्या बुटावर बसलं. फिंच. तक्त्यावरचा चौथा, जाड चोचीचा. अक्कांचा हात आपोआप कंबरेला गेला. बटव्याची नाडी सुटली, मूठ बाहेर आली, अर्धी उघडली आणि तशीच थांबली. मी पुढे गटाबरोबर होते, मला यातलं काही तेव्हा कळलं नाही. जहाजावर परतल्यावर केबिनमध्ये त्यांनी दार लावलं आणि बटवा माझ्यासमोर ठेवला.

"अक्का! हे कशाला आणलंत?"

"पाखरूसना घर जाई ऱ्हायनूत आपुन. रिकामा हातथी कशी जाऊ?"

मी म्हटलं, गपचूप संडासात टाकून द्या, पाणी सोडा, विषय संपला. पण अक्का हलेनात. "मूठ उघडी तवय दोनचार दाना पडनात व्हतीन तं?" मी हात जोडले. "अक्का, उद्या कासवांचं बेट आहे. आज सांगितलंत तर तुम्हाला उतरू देणार नाहीत. इतकी वर्षं वाट पाहिलीत ना?" त्यांनी बराच वेळ बटव्याकडे पाहिलं. त्यांना ते कासव किती हवं होतं, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "फॉरमवर काय लिखं तू?" मी सांगितलं, नाही असं लिहिलं. "मंग चाल. ती पोरगीले सांगाले चाल."

एलेनाने ऐकून घेतलं. रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. जहाज निघायला तासभर होता. ती अक्कांना घेऊन होडीने परत त्या खडकाशी गेली, मीही गेले. अक्का त्या धारदार खडकावर गुडघे टेकून बसल्या आणि एकेक भेग बोटाने चाचपू लागल्या. तीन दाणे सापडले. एलेना म्हणाली, बास, एवढेच असतील. अक्का उठल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत त्या शोधत राहिल्या आणि चौथा दाणा काढून एलेनाच्या तळव्यावर ठेवला तेव्हा उठल्या. गुडघ्यावर लुगडं फाटलं होतं, आतून रक्त आलं होतं.

व्हायचं तेच झालं. बेटांच्या कचेरीला कळवावं लागलं. तिकडून उत्तर येईपर्यंत अक्कांनी जहाजावरून उतरायचं नाही. मी एलेनाशी भांडले. म्हटलं, फॉर्म मी भरलाय, मला ठेवा इथे, या बाईला जाऊ द्या. ती म्हणाली, "बियाणं त्यांच्याजवळ होतं. त्या स्वतः आल्या म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, पण नियम मी बदलू शकत नाही." अक्कांना न सांगताच समजलं. "तिनावर नको चिडू. तिनी लॅब शे ती." आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करून मला जहाजाच्या शिडीकडे ढकललं. "तू जाय. मना डोया लई जाय."

मी गेले. कोरड्या रानात, निवडुंगांखाली ती लांब मानेची कासवं चरत होती. एक माझ्यापासून पाच पावलांवर. जवळ गेल्याची चाहूल लागताच त्याने मान आत ओढली आणि टायरमधली हवा सोडल्यासारखा आवाज झाला. मग हळूहळू मान बाहेर आली. बाकीचे फोटो काढत होते. मला धड बघवतही नव्हतं, राहून राहून वाटत होतं की मी इथे चोरासारखी उभी आहे. परतताना वाटेवर एक छोटासा काळा दगड दिसला, छिद्राछिद्रांचा, हलका. एलेनाची पाठ होती. मी तो उचलला आणि खिशात घातला. म्हटलं, कासव गेलं बिचारीचं, निदान हा तरी तिच्या हातात ठेवू.

संध्याकाळी डेकवर अक्का समोर खुर्ची ओढून बसल्या आणि मी शेवटचा धडा घेतला. त्यांनी एक मिनिट सोडलं नाही. मान किती लांब? कातडी कशी? डोळे ओले होते का? चावताना आवाज येतो का? मी सांगितलं, येतो, म्हशीसारखा कचाकच. तेव्हा त्या मनापासून हसल्या. मग मी दगड काढला. त्यांनी तो घेतला, उलटसुलट केला, वास घेतला, गालाला लावून पाहिला. किती वेळ तो हातात धरून बसल्या. आणि मग माझाच हात ओढून, तळवा उघडून, त्यावर परत ठेवला.

"जठलं तठे, पोरी."

मला रडू आलं, रागही आला. "एवढं सगळं गेलं तुमचं, एक दगड ठेवला तर काय बिघडतं?" त्यांनी माझी बोटं दगडावर मिटवली. मी म्हटलं, बरं, सकाळी देते एलेनाला. सकाळी मी दिला नाही. बॅगेच्या तळाशी मोज्यात घातला. मनात म्हटलं, धुळ्याला गेल्यावर म्हातारीचा हट्ट उतरेल, तेव्हा देऊ.

हट्ट कसला उतरतोय! कचेरीचं उत्तर दोन दिवसांनी आलं, पुढच्या बेटांवर त्या उतरल्या, पण कासवांचं बेट मागे राहिलं ते राहिलंच. गावात जो तो विचारायचा, अक्का, कासव पाहिलं का? मी कानकोंडी व्हायची. अक्का सरळ सांगायच्या, "नही दिखनं. पन ते शे ना तठे!" हे त्या अगदी समाधानाने म्हणायच्या. मला मात्र एकदाही दगड बाहेर काढायची हिंमत झाली नाही. माझ्या टेबलाच्या खणात तो पडून राहिला.

गेल्या हिवाळ्यात अक्का आजारी पडल्या. छातीत पाणी झालं होतं. प्रदीप आला होता, तो डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेला आणि आम्ही दोघीच राहिलो. त्यांनी डोळे उघडले. श्वास पुरत नव्हता.

"पोरी, तो दगड दिधा ना?"

खरं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. तो मी घालवला. त्यांचा हात हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोलीत बोलले, "दिधा, अक्का." त्यांनी मान डोलावली, धडा पुरा झाला की डोलवायच्या तशी. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

यंदा उत्क्रांतीचा धडा आला. तक्ता मीच कपाटावरून काढला. लांब मानेच्या कासवापर्यंत आले आणि नकळत मागे पाहिलं. मागचं स्टूल रिकामं होतं. त्याच दुपारी खण उघडला, दगड जाड पाकिटात घातला, बेटांच्या कचेरीचा पत्ता लिहिला आणि पोस्टात गेले.

खिडकीतल्या माणसाने पाकीट हलवून पाहिलं. "मॅडम, काय आहे यात?"

"दगड."

"दगड? परदेशात? तिकडे दगड नाहीत का?"

"तिकडचाच आहे."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पाकीट परत सरकवलं आणि वर एक फॉर्म ठेवला. आत काय आहे ते लिहा, खाली सही करा. मी लिहिलं. दगड, एक. न विचारता बेटावरून उचललेला. रकान्यात जागा पुरेना, तर बाजूला लिहिलं. सही केली. मागे रांगेत कोणीतरी खाकरलं.

खिडकीतून हात पुढे आला. तळवा वर. मी पाकीट त्यावर ठेवलं, डोळे पुसले आणि चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"दिधा, अक्का."