एक चौकोन जास्त

फेब्रुवारीपासून माझा उजवा अंगठा स्वस्थ बसत नाही. जेवताना ताटाच्या कडेवर, वर्गात बाकावर, ऑटोत पर्सच्या चेनवर, कुठेही त्याचं टक टक चालू असतं. आई म्हणते, "आधी हात आवर, मग बोल." मी हात आवरते, तर पाय हलायला लागतो.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा भुसावळकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. बाबा नानाखेडा बस स्टँडवरून इंदूरला जाणारी खाजगी बस चालवतात. आई घर बघते आणि शिवणकाम करते. कॉलेज संपल्यावर नेमकं काय करायचं असतं, हे घरात कुणाला विचारायची सोय नव्हती. एक गोष्ट मात्र आपोआप ठरत आली होती. फ्रीगंजमधल्या ज्या साडीच्या दुकानात मी दिवाळीच्या गर्दीत काम करायचे, तिथल्या शेठजींनी सांगून ठेवलं होतं, "बेटा, जून से पक्की आ जाओ." दुकान वाईट नाही. शेठजी आवाज चढवत नाहीत, बसायला स्टूल देतात. पण त्या काउंटरवर मी बारावी झाल्या झाल्याही उभी राहू शकले असते. मग मधलं कॉलेज कशासाठी होतं, हे मला कुणालाच सांगता आलं नसतं. स्वतःलाही नाही.

म्हणून वर्गात सरांनी नोकरीसाठी मुलं निवडायला कॉलेजात कंपनी येणार असल्याचं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा मागच्या बाकावरून उठून पुढे जाऊन बसले.

"पहला राउंड ऑनलाइन है," सर म्हणाले. "गेम खेलने हैं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हँस लो. आधे लोग यहीं बाहर होते हैं."

त्यातला मुख्य खेळ नजरेच्या स्मरणशक्तीचा होता. पडद्यावर चौकोनांची जाळी दिसते. त्यातले काही चौकोन क्षणभर पांढरे होतात आणि पुन्हा निळे. जे पांढरे झाले होते ते आठवून दाबायचे, मग 'पुढे' दाबायचं. बरोबर आलं की जाळी मोठी होते. एक कमी दाबला किंवा एक जास्त, दोन्ही चूकच. तिसऱ्या चुकीला खेळ संपतो. असे खेळ नेटवर फुकट सापडतात, सराव करा, असं सर म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा बाबा बूट काढत होते. "खेळाची परीक्षा?"

"हो."

"आणि जो जिंकेल त्याला नोकरी?"

"नाही, त्याला पुढचा राउंड. मग इंटरव्ह्यू."

"मग बी.कॉम. कशाला केलंस? लुडो खेळली असतीस घरी."

आई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा हो. तिला टेन्शन देऊन राहिलेत." बाबा गप्प बसले, पण फक्त घरात. दुसऱ्या दिवशी मी बस स्टँडवरून जात होते तर चहावाल्या काकांनी हाक मारली, "क्या बेटा, कंपनी में लग गई?" बाबांनी कंडक्टरला सांगितलं होतं, कंडक्टरनं सगळ्या स्टँडला. त्या दिवसापासून मी मागच्या गल्लीतून कॉलेजला जायला लागले. तो रस्ता लांबचा होता, आणि चालता चालताही मी मोबाईलवर चौकोन दाबत होते.

सुरुवातीला मला ते छान जमलं. माझी एक युक्ती होती, पण ती युक्ती आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पांढरे चौकोन दिसले की ते आपोआप जोडले जायचे आणि त्यांचं काहीतरी व्हायचं: कमळ, दिवा, कुयरी, गोपद्म. मग चौकोन आठवायची गरजच नसायची. कमळ आठवलं की पुरे. माझी मैत्रीण, जिच्याबरोबर मी पहिल्या वर्षापासून डबा खाते, ती चौकोन मोजायची आणि लवकर हरायची. मी तिच्या पुढे होते. मग जाळी मोठी झाली आणि मी एका पायरीवर अडकले. रोज तिथेच. पायऱ्या चढून जावं आणि दार आतून बंद असावं, तसं. खेळ संपला की मी लगेच नवा सुरू करायचे. मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हते बहुतेक.

कॉलेजच्या जिन्यात बसून खेळत होते तेव्हा मैत्रिणीनं माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"यार, तू पागल है क्या? हर बार एक डब्बा ज़्यादा दबाती है."

"दिखा था मुझे."

"नहीं दिखा था. चल, फिर से खेल, मैं देखती हूँ."

मी पुन्हा खेळले. पाच पाकळ्यांचं कमळ आलं. मी सहा पाकळ्या दाबल्या.

"ये!" ती ओरडली. "ये वाला कहाँ से लाई? घर से?"

ती थट्टा करत होती, पण खरं तेच होतं. घरूनच आणला होता.

आमच्याकडे सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी असते. कॉलनीत आमचं एकच मराठी घर. शेजारच्या भाभी सणावारी मांडणे, म्हणजे इकडची भुईवरची चित्रं, काढतात, पण रोजची रांगोळी आमच्याच दारात. आईकडे एक जाड कागद आहे, त्याला उदबत्तीनं ओळीत भोकं पाडलेली आहेत. कागद गेरूवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली ठिपके. मग ते जोडायचे. घरात एक नियम आहे. कुठून आला ते आईलाही माहीत नाही, तिच्या सासूबाईंनी तिला सांगितला. अर्धवट रांगोळी ओलांडून कुणी बाहेर जायचं नाही. बाबा बस चालवतात म्हणून आई हा नियम फारच कडक पाळते. पहाटे बाबा हातात किल्ली घेऊन उंबऱ्याच्या आत उभे आणि बाहेर आई शेवटची पाकळी जोडते आहे, हे मी लहानपणापासून पाहिलं. मी सातवीत गेले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मागे बाबांची किल्ली वाजते आहे, बस सुटायची वेळ झाली आहे, अशा घाईत मी शिकले, की डावीकडे जे आहे ते उजवीकडे असलंच पाहिजे. एक जरी बाजू राहिली तर बाबा निघू शकत नाहीत.

म्हणजे माझा हात चुकत नव्हता. तो राहिलेलं पूर्ण करत होता. आणि खेळाला तेच नको होतं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. "दाखव बघू मला." मी मोबाईल तिच्या हातात दिला. पहिल्या काही जाळ्या तिनं सहज सोडवल्या, मला वाटलं आता काहीतरी शिकायला मिळेल. मग एक मोठी आली. आईनं चौकोन दाबले, थोडी थांबली आणि कोपऱ्यातला आणखी एक दाबला. चूक.

"चूक कशी?" आई म्हणाली.

"तो नव्हता, आई."

"नव्हता ते मला पण दिसलं. पण इथे एक पाहिजेच न."

"पाहिजे असला तरी दाबायचा नाही."

"हे काय! कुणी बनवलंय हे? त्याला म्हणावं आधी नीट काढ, मग परीक्षा घे." तिनं मोबाईल मला परत दिला आणि मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं मशीनच्या आवाजातूनच म्हणाली, "असं अर्धवट बघून बघून डोळे खराब होतील तुझे."

मी विचारलं, काही दिवस मुद्दाम एक पाकळी सोडून रांगोळी काढू का, हाताला सवय होईल. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य पूर्ण केलं नाही.

म्हणून मी गच्चीवर गेले. तिथून कुणी कुठे जात नाही. दुपारी कॉलेजहून आले की पाण्याच्या टाकीच्या सावलीत खडूनं ठिपके मांडायचे, जोडायचे आणि एक सोडायचा. सोडला की उठायचं, पाठ फिरवायची, परत बघायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. मला त्या सुटलेल्या ठिपक्याची जेवताना आठवण यायची. एकदा तर मी ताटावरून उठून वर गेले आणि जोडून आले. मग स्वतःवरच चिडले, पुसला, पुन्हा सोडला.

आई कपडे वाळत घालायला आली तेव्हा सगळी गच्ची अशा एक-एक ठिपका राहिलेल्या कमळांनी भरली होती. मला वाटलं आता रागावणार. ती कपड्यांची बादली घेऊन कडेकडेनं गेली, एकाही चित्रावर पाय दिला नाही. दोरीपाशी पोचल्यावर म्हणाली, "इथले कबुतर आता अडकले बिचारे. जाणार कसे?"

आम्ही दोघी हसलो. त्या महिन्यात मी खरी हसले ती बहुतेक तेवढीच.

पण हाताला सवय झाली. मार्चच्या शेवटी मी त्या बंद दारातून पुढे गेले. चार पाकळ्या असतील तर चारच, एक कडा नसेल तर नसेल. पाहिलं तेवढंच दाबायचं. मैत्रीण म्हणाली, "अब तू पास है, लिख के दे दूँ?" मला तसं वाटत नव्हतं. जमायला लागल्यावर तर झोपेतही चौकोन पांढरे व्हायला लागले.

परीक्षा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये झाली. त्या सकाळी बाबांनी बस सुटायच्या आधी मला फक्त एवढं विचारलं, "पाणी पिऊन जाशील न?" लॅबमध्ये पंखे मोठमोठ्यानं फिरत होते. माझा पाय टेबलाला लागत होता, शेजारच्या मुलानं दोनदा माझ्याकडे वळून बघितलं.

सुरुवातीच्या जाळ्यांत माझ्या दोन चुका झाल्या, त्या नुसत्या घाबरून. मग हात बसला. माझी ती पायरी आली: कमळ, एक पाकळी कमी. माझं बोट त्या रिकाम्या जागेवर गेलं आणि मी ते मागे घेतलं. 'पुढे' दाबलं. बरोबर. त्यानंतरही काही आल्या, मी गेले. मग एक जाळी उजळली आणि त्यात सगळं होतं. डावीकडे होतं ते उजवीकडे, वर होतं ते खाली. दारात काढतो तसंच, पूर्ण. मी दाबत गेले, शेवटच्या चौकोनाशी आले आणि थांबले. इतके दिवस मी स्वतःला एकच सांगत होते, की पूर्ण दिसतंय ते तुझ्या मनातलं आहे, पडद्यावरचं नाही. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तो चौकोन उजळला होता. मला दिसला होता. पण याआधीचे सगळे खोटे चौकोनही मला असेच दिसले होते.

मी तो सोडला. 'पुढे' दाबलं.

तिसरी चूक. खेळ संपला.

मला लगेच कळलं नाही. मी पडद्याकडे बघत बसले, तिथे आता बरोबर उत्तर दाखवलं होतं आणि तो चौकोन तिथेच होता.

निकाल आठवड्यानं येणार होता, त्याहून उशिरा आला. मधल्या दिवसांत मी स्वतःला समजावत होते, की मी बरीच पुढे गेले होते, कदाचित पुरेल. मोबाईल उलटा ठेवायचे, सरळ करायचे. मैत्रिणीचं नाव आलं. माझं नाही. तिनं मला फोन केला. ती म्हणाली, "यार, मैं तो गिनती थी बस." मी म्हटलं, माहीत आहे. आणि पुढच्या राउंडसाठी काय घालायचं ते विचारलं, कारण माझ्याशी त्याबद्दल बोलणं तिला जड जात होतं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी दारातच सांगितलं. मला वाटत होतं, आधी स्टँडवर काय सांगायचं हाच विचार त्यांच्या मनात येईल. त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली. "किती चुकलं?"

"शेवटी एक चौकोन."

"एकानं?" ते आईकडे वळले. "एकानं घेतलं नाही म्हणे." 'एकानं' असं ते दोनदा म्हणाले, जणू चूक त्या एकाचीच होती. मग म्हणाले, "चहावाल्याला मी सांगतो. तू पुढच्या रस्त्यानं जात जा. मागे कुत्री आहेत."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

जूनपासून मी दुकानात जाणार आहे. शेठजींना सांगून आले, पण एक अट घालून, की कॉलेजात कंपनी आली तर त्या दिवशी सुट्टी लागेल. सरांनी सांगितलं आहे, कॉलेज संपलेल्यांनाही वर्षभर बोलावतात. बोलताना माझा आवाज इतका हळू निघाला की शेठजींनी "क्या?" म्हणून दोनदा विचारलं. मग म्हणाले, "ले लेना. बस शादी के सीज़न में मत लेना." मी 'हो' म्हणाले नाही. सीज़नमध्ये कंपनी आली तर मी जाणार आहे.

खेळ मी अजून खेळते. बंद करून पाहिला, अंगठा ऐकत नाही.

आज सकाळी रांगोळी काढताना शेवटची पाकळी राहिली होती आणि मी हात वर धरून बसले होते. इथे खरंच रेघ हवी आहे की मला तसं वाटतंय, हे मी ठिपक्यांकडे बघून तपासत होते. मागे बाबांची किल्ली वाजली. त्यांनी घाई केली नाही.

"बघ," ते म्हणाले, "नीट बघून घे. थांबलोय मी."

मी डावी बाजू पाहिली, मग उजवी. ठिपका तिथे होता. मी रेघ जोडली, बाजूला सरकले, आणि बाबा रांगोळी ओलांडून स्टँडकडे गेले.