पुस्तक मिटून सांगायचं

रविवारी सकाळी आमच्या घरी वंदना झाली की चहा व्हायचा आणि चहा झाला की सभा. सभा म्हणजे आम्ही तिघं भावंडं, समोर मधोमध चटईवर अप्पा, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन काहीतरी निवडत बसलेली आई. आठवडाभरात काय वाचलं, काय शिकलं आणि छंद म्हणून काय केलं, ते ज्यानं त्यानं सांगायचं. अप्पांचा नियम एकच होता. पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं आणि तोंडानं सांगायचं. मधेच पान उघडून डोकावलं की ते म्हणायचे, "पुन्हा वाच जा. अजून तुझं झालं न्हाई ते."

या नियमाचा मला अजून राग येतो. चांगला नियम होता, त्यानं आम्ही बोलायला शिकलो, हे सगळं खरं आहे. पण त्याच नियमाच्या आडोशाला आमच्या धाकटीची नजर महिनोन् महिने जात राहिली आणि अप्पांना ते कळलं नाही. मलाही नाही. मी तिच्या शेजारीच बसत होते.

आमचं गाव सीमेपलीकडं, कानडी मुलखात, मंठाळच्या बाजूला. अप्पा आधी एका खाजगी शाळेत मास्तर होते, व्यवस्थापनाशी भांडून बाहेर पडले आणि तूर-सोयाबीन करायला लागले. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा त्यांनी आम्हाला घरीच शिकवायला घेतलं. पुढं शाळा उघडल्या, पण गावातल्या मराठी शाळेत पोरंच उरली नव्हती, सगळे वर्ग एका खोलीत. अप्पा म्हणाले, "माझी लेकरं मीच शिकवतो, परीक्षा बाहेरून देतील." गावानं नावं ठेवली. मास्तरनं पोरं घरात कोंडून घातली म्हणाले. आम्हाला मात्र चैन होती. सकाळी गणित, दुपारी कानडी, संध्याकाळी रानात, आणि कपाटातलं हवं ते पुस्तक.

इतर घरांत पोरांना शाळा बुडवली म्हणून मार पडतो. आमच्याकडं सगळंच उलटं. कुणी वाचायचा कंटाळा केला की अप्पा डोळे मोठे करून म्हणायचे, "वाचायचं न्हाई ना? मग कलबुर्गीला हॉस्टेलच्या शाळेत घालतो." ते चेष्टेनं म्हणायचे. मी आणि भाऊ हसायचो. धाकटी हसत नसे. तिला आईच्या कुशीत झोपायची सवय होती आणि हॉस्टेल म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. ती तेव्हा दहा वर्षांची असेल.

पहिली खूण तिच्या छंदात दिसली. तिला पाखरांचं वेड. विजेच्या तारेवर, बांधावरच्या बाभळीत जे पाखरू दिसेल त्याचं चित्र काढायची आणि सभेत सगळ्यांसमोर धरायची. चित्रं बरी नसायची, तिचा कोतवाल कोंबड्यासारखा दिसायचा आणि भाऊ तिला चिडवायचा. एका उन्हाळ्यात तिनं चित्रं बंद केली. म्हणाली, आता मी आवाजावरून वळकणार. पुढच्या रविवारी तिनं डोळे मिटून पाखरांचे आवाज काढून दाखवले, सातभाईंचं भांडण तर इतकं हुबेहूब की आईसुद्धा हसली. अप्पा खूश झाले. म्हणाले, "बघा, हिचं शिक्षण किती खोल जायलंय." मी टाळ्या वाजवल्या.

माझा छंद नकाशे काढायचा होता. गावातल्या गल्ल्या, हापशे, कुणाच्या दारात कुठलं झाड, सगळं मी कागदावर उतरवायची. धाकटीला त्यात स्वतःचं घर शोधायला फार आवडायचं. तिचं ते शोधणंही थांबलं. नकाशा पुढं केला की म्हणायची, "अक्का, तूच सांग ना, कुठं काय काढलंस." मला वाटलं, कंटाळली असेल.

मग ती तिरकं बघायला लागली. आपण बोलत असलो की तिची नजर आपल्या कानाच्या पलीकडं, भिंतीवर. अप्पा रागवायचे, "मोठ्यांशी बोलताना तोंडाकडं बघावं." ती मान सरळ करायची आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. एकदा भालकीचा मामा अंगणातून हसत हसत, काही न बोलता तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिनं विचारलं, "कोण पायजे?" मामाला ती गंमत वाटली. तो म्हणाला, "अगं मामाला वळखत न्हाईस व्हय?" तर ती एकदम आवाजाच्या दिशेनं धावली आणि त्याला बिलगली. ती धावायची, हे मुद्दाम सांगते. करडांमागं धावायची, विहिरीच्या काठानं बिनधास्त जायची, कधी ठेचकाळली नाही. अशा पोरीच्या डोळ्यांत काही असेल असं कुणाच्या मनात येणार?

आईच्या मनात आलं होतं. आता मागं वळून बघताना मला ते स्वच्छ दिसतं. आई गाजरं आणायला लागली. शेवग्याचा पाला, पपई, गाजर, पुन्हा गाजर. धाकटीच्या ताटात जास्त. आम्ही कुरकुर केली की म्हणायची, "खावा गुमान." कधी निवडता निवडता तिचे हात थांबायचे आणि ती उंबऱ्यातून धाकटीकडं बघत राहायची. मी एकदा विचारलं, "कामून बघायलीस गं तिच्याकडं?" तर म्हणाली, "काई न्हाई. मोठी झाली म्हणून बघायले." आणि लगेच खाली मान घालून खडे वेचायला लागली. त्या दिवशी मला उगीचच घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटलं होतं. सगळे तर धडधाकट होते.

आणि या सगळ्यात दर रविवारी धाकटी आमच्यापेक्षा छान बोलत होती. पुस्तक मांडीवर, हात पुस्तकावर, मान जराशी वळलेली, आणि गोष्ट अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठंही न अडखळता. अप्पा आम्हाला म्हणायचे, "शिका जरा लहानीकडून." खरं काय होतं ते नंतर कळलं. दुपारी आम्ही निजलो की भाऊ, तिचा अण्णा, तिला गोठ्यामागं बसून वाचून दाखवत होता. अक्षरं मधून पुसल्यासारखी दिसतात, असं तिनं फक्त त्यालाच सांगितलं होतं आणि शपथ घातली होती. अप्पांना कळलं तर हॉस्टेलात घालतील. वाचत नाही तो हॉस्टेलात जातो, हे तिनं अप्पांच्या तोंडून ऐकलं होतं आणि तिच्या दृष्टीनं ती आता न वाचणारी झाली होती.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस भाऊ तापानं पडला. अंग इतकं ठणकत होतं की त्याला कूस बदलायला आधार लागायचा. आठवडाभर गोठ्यामागची बैठक झाली नाही. धाकटी त्याच्या अंथरुणाजवळ घुटमळत राहायची. आई म्हणायची, बघा भावाची किती काळजी करायली.

रविवार आला. भाऊ भिंतीकडेच्या खाटेवर पडून होता. मी माझं सांगितलं. मग धाकटी उठली, कपाटापाशी गेली आणि एक पुस्तक घेऊन बसली. आमच्या घरातल्या सगळ्या पुस्तकांना अप्पा खाकी कव्हर घालायचे आणि कण्यावर बारीक अक्षरात नाव लिहायचे. त्यामुळं कपाट कसं एका गणवेशात उभं असायचं. तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि सुरुवात केली.

एक म्हातारी तळ्याच्या काठी राहते. तिला मासे दिसत नाहीत, पण पाणी हललं की कुठला मासा कुठं गेला ते तिला कळतं. गावातली माणसं तिला विचारून जाळं टाकतात. एक दिवस तळ्याचं पाणी हलायचं थांबतं. म्हातारी कुणाला सांगत नाही. रोज काठावर बसते आणि मनानंच सांगत राहते, इकडं टाका, तिकडं टाका. माणसं जाळं टाकत राहतात.

"मग?" अप्पा पुढं सरकले होते.

"मग काय न्हाई. तिला भ्या वाटतंय, आता सगळ्यांना कळणार म्हणून."

मला आठवतंय, माझ्या हातावर काटा आला. गोष्टीत काही भुताटकी नव्हती. सांगताना तिचा आवाज रोजचा नव्हता, एवढंच. खाटेवरून भाऊ तिच्याकडं एकटक बघत होता. अप्पांना यातलं काही दिसलं नाही, ते आनंदानं फुलले होते. "हे आपल्या घरात हाय? मी कसं वाचलं न्हाई? बघू," म्हणून त्यांनी हात पुढं केला.

तिनं पुस्तक दिलं.

अप्पांनी उघडलं. तुरीवरच्या किडींचं पुस्तक होतं ते. पानोपानी अळ्यांचे फोटो. अप्पांना आधी हसूच आलं. मग त्यांचा चेहरा बदलला. आमच्या घरात न वाचता सांगणं म्हणजे चोरीपेक्षा वाईट. त्यांनी पुस्तक तिच्या हातात परत दिलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "खोटं बोलायलीस? वाच. हितून वाच."

तिनं पुस्तक नाकाशी नेलं. मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, कोंबडी दाणा बघते तशी. मला वाटत होतं, वाच गं बाई, एक शब्द तरी वाच.

"अप्पा, तिला वरडू नका," भाऊ खाटेवरून म्हणाला. "मीच वाचून दाखवायलो इतके दिवस."

धाकटीनं पुस्तक खाली ठेवलं. "मधलं दिसत न्हाई अप्पा. कडंचं दिसतंय. मधी बघितलं की तिथलं जातंय." आणि लगेच, घाईघाईनं, "मला हॉस्टेलात घालू नका. मी ऐकून शिकते."

आईच्या हातातलं सूप पडलं. तूर घरभर सांडली. "कोहिनूर गावच्या माझ्या मावशीचं असंच झालतं," ती म्हणाली. "अशीच तिरकी बघायची. शेवटी तर लेकरांची तोंडंबी दिसंनात तिला." अप्पा तिच्यावर ओरडले, "मग बोलली कामून न्हाईस?" आई त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "बोलले की खरं व्हईल असं वाटलं."

अप्पा आणि आई नात्यातलेच, आत्ये-मामे भावंडं. आमच्याकडं हे इतकं सर्रास की त्याचा कुणी विचारही करत नाही. कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिल्यांदा तेच विचारलं. धाकटीच्या डोळ्यात थेंब घातले, यंत्रापुढं हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, पडद्याचा मधला भाग झिजतोय, रक्तातून, जन्माबरोबरच आलेलं आहे, आज यावर औषध नाही. कडेची नजर राहील. बारीक अक्षरं आणि माणसांचे चेहरे हळूहळू जातील.

अप्पांनी विचारलं, "लवकर आणलं असतं तर?"

बाई म्हणाल्या, डोळे असेच झाले असते. पण मोठ्या अक्षरांची, ऐकायच्या पुस्तकांची सोय आधीच करता आली असती, पोरीला एवढे दिवस एकटीला लपवत बसावं लागलं नसतं. आणि कागदावर लिहिता लिहिता, काही दोष द्यायचा नाही अशा साध्या आवाजात, कानडीत विचारलं, "शाळेत कुणी सांगितलं नाही का? फळ्यावरचं दिसत नाही हे बाईंना कळतंच की."

अप्पांना कानडी चांगली येते. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांचा संतापही आला, दोन्ही इतकं की मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. परतीच्या बसमध्ये धाकटी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ते हुमनाबादपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या रविवारी वंदना झाली, चहा झाला आणि अप्पा शेताकडं निघाले. "आज राहू द्या सभा," म्हणाले. धाकटीनंच चटया घातल्या. कपाटापाशी गेली नाही. आम्ही नाइलाजानं बसलो, ताप उतरला तरी सांधे धरल्यानं भाऊ अजून लंगडतच होता. अप्पाही परत फिरले आणि त्यांच्या नेहमीच्या जागी, मधोमध बसले.

"मी या आठवड्यात काई वाचलं न्हाई," ती म्हणाली. "मी माणसं बघितली. जायच्या आधी पाठ करून ठेवायलेय."

तिनं सांगायला सुरुवात केली. आईच्या हनुवटीखाली तीळ आहे, तो बोलताना हलतो. अण्णाला मिशा फुटायल्यात पण एकाच बाजूनं. अक्काचे पुढचे दात एकावर एक चढलेत आणि हसताना ती हात आडवा धरते. भाऊ हसला. मी हात आडवा धरला आणि लगेच खाली घेतला. आई निवडायचं सोडून ऐकत होती.

मग ती थांबली. अप्पांच्या दिशेनं तिनं मान सरळ केली, जरा डावीकडं वळवली, पुन्हा सरळ केली.

"अप्पांचं राहिलंय," ती म्हणाली. "अप्पा, जरा बाजूला सरकून बसा. मधी बसलात की तुमी दिसत न्हाईत."

अप्पा उठले आणि भिंतीकडं, पत्र्याच्या पेटीपाशी जाऊन बसले. त्यांची चटई तशीच रिकामी राहिली. धाकटीनं त्या रिकाम्या चटईवर नजर ठेवली आणि अप्पांचं तोंड कसं आहे ते सांगायला लागली, कपाळापासून, सावकाश. तिचं सांगून होईपर्यंत अप्पा हलले नाहीत, डोळ्यांतून येणारं पाणी पुसायलाही त्यांनी हात वर केला नाही.