रिंगणाबाहेर बस

त्यानं माझ्या तारांवर पंजा ठेवला. मी वाजवत असताना.

"हनी, धिस इज अ ब्लूग्रास जॅम," तो म्हणाला. "नॉट अ लूआऊ."

लूआऊ म्हणजे हवाई बेटांवरची मेजवानी. फुलांच्या माळा, नाच, मजा. सगळे हसले.

तो वेन. बॅन्जो वाजवणारा. टेक्सासमधल्या प्लेनोत शनिवारी होणाऱ्या त्या ब्लूग्रासच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गावरान संगीताच्या, जॅमचा म्होरक्या. चर्चचा हॉल, दुपारची वेळ, गोल मांडलेल्या खुर्च्या. गिटार, फिडल, मॅन्डोलिन. एकानं गाणं सुरू करायचं, मग रिंगणात पाळीपाळीनं एकेकानं वाजवायचं. सगळ्यांचं स्वागत आहे, असं दारावर लिहिलेलं. ते वाचूनच मी आत गेले होते.

माझ्या हातात यूकुलेली. चार तारांचं, पोटाशी धरता येईल एवढं, मूळ हवाईचं वाद्य. मुलीनं शाळेत शिकून टाकून दिलेलं, मी उचललं. ऑफिसचं काम संपलं की अपार्टमेंटमध्ये बोटं हुळहुळेपर्यंत वाजवायचे. त्या दिवशी मी एकही सूर चुकले नव्हते. हे मुद्दाम सांगते. चुकले असते तर त्यांचं काम सोपं झालं असतं.

हसणाऱ्यांत काकाही होते.

काका आपले मराठी. पुण्याकडचे, रिटायर्ड डॉक्टर, मॅन्डोलिन वाजवतात. गणपतीत ओळख झाली तेव्हा "जॅमला ये की" म्हणाले ते हेच. तेव्हाच आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं. तेही सांगितलं. जरा थांबून म्हणाले, "वा! तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं वाजवणं."

वेननं पंजा काढला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक रिकामी खुर्ची. काका माझ्याकडे वाकले. मराठीत, हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. रिंगणाबाहेर बस. हळू वाजव. ऐकू नाही आलं की कुणाला त्रास नाही."

मी उठले. गेले. भिंतीला पाठ लावून बसले.

आणि मला माझा बाप दिसला.

बाप हलगी वाजवायचा. गावच्या लग्नांत. वरात त्याच्या हातांवर चालायची, आणि मांडवाच्या दारात आली की त्याला बाहेर थांबवायचे. पंगती उठल्या की मातीत बसून जेवायचा. सुजलेल्या बोटांनी. मी एकदा विचारलं, आपण आत का नाही बसायचं? त्यानं माझं तोंड दाबलं.

मी शिकले. विमानात बसले. टेक्सासला आले. आणि एका माणसानं बोट दाखवल्याबरोबर भिंतीपाशी जाऊन बसले. कुणी धरून नेलं नव्हतं. माझे पायच गेले. त्या पायांची मला चीड आली. वेनपेक्षा जास्त. काकांपेक्षा जास्त.

खुर्ची उचलली. काका आणि गिटारवाला यांच्या मधे नेऊन ठेवली. गिटारवाल्याला सरकावं लागलं.

"मॅम," वेन म्हणाला.

"आय ॲम नेक्स्ट." माझा आवाज फाटला होता.

गाणं चालू होतं. काकांचं वाजवून झालं. पाळी माझी. वेननं मला ओलांडून गिटारवाल्याला मानेनं खूण केली. मी थांबले नाही. वाजवायला लागले. बॅन्जो बंद झाला. फिडल बंद. गिटार बंद. शेवटी काकांनीही मॅन्डोलिन मांडीवर आडवं ठेवलं. मी एकटी. यूकुलेलीचा आवाज तो केवढा! पण सगळे गप्प होते, म्हणून शेवटचा सूरही हॉलभर ऐकू गेला.

कुणी टाळी वाजवली नाही. वेननं पुढचं गाणं सांगितलं.

पार्किंगमध्ये काकांनी मला गाठलं. चेहरा लाल.

"इतकी वर्षं लागली मला यांच्यात बसायला! तुझ्यामुळे उद्या मलाही उठवतील."

"मग कळेल तुम्हाला," मी म्हणाले. "बाहेर बसवलं की कसं वाटतं ते."

"तुम्हा लोकांना काहीही द्या, भांडणच."

"तुम्ही काय दिलंत? आणि तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला? नाव घ्या, काका."

काका वळले. गाडीत बसले, काच वर केली.

नंतर कधीतरी वाचलं. बॅन्जो या देशात आणला तो गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी. वाद्य घेतलं, माणसं बाहेर ठेवली. मला नवल वाटलं नाही. आमच्या गावात हलगीशिवाय वरात निघत नव्हती.

मी दर शनिवारी जाते. आत बसते. वेन माझ्याकडे बघत नाही. काका दुसऱ्या टोकाला बसतात. माझी पाळी आली की अजूनही काही जण वाद्य खाली ठेवतात. ठेवू देत. मला त्यांचं कौतुक नको. सांभाळून घेणं तर मुळीच नको. मला उठवायचंय? उठवा. पण सगळ्यांसमोर, मोठ्यानं, कारण सांगून.

तरी मी उठणार नाही.