दगडी बोंड

बाबा गेल्यापासून माझी प्रार्थना पहिल्या शब्दापुढे जायचीच नाही. तरी दर रविवारी मी आईला हात धरून चर्चमध्ये न्यायचो. मोताळ्याकडच्या आमच्या गावात, बुटक्या घरांच्या मधोमध ते काळ्या दगडाचं, टोकदार कमानींचं चर्च उभं आहे. आराखडा परदेशी फादरांचा, हात इथल्या पाथरवटांचे. कमानी माथ्याला मिळतात तिथे विलायती फूल कोरा म्हणून सांगितलं होतं म्हणे. ते फूल कोणी पाहिलेलंच नव्हतं, तेव्हा त्यांनी फुटलेलं कापसाचं बोंड कोरलं. बाबा त्याच बोंडाखाली सतरंजीवर बसायचे. ते गेल्यावर आई तिथेच बसू लागली.

यंदा पावसाळ्यानंतर बोंडाभोवतीचा चुना झडायला लागला. कारागीर येईपर्यंत कोणी बसू नये म्हणून फादरांनी दोरी बांधली. हंगामाच्या मिस्साला, सुगीच्या त्या खास प्रार्थनेला, आई दोरी उचलून सरळ आत.

"आई, ऊठ. वरून पडन काही."

"तुह्या बाबावर पडलं का कधी? चूप बस बाप्पा."

पन्नाशीतला मी दोरीबाहेर मांडी घालून बसलो.

त्या दिवशी आमच्याकडे घरातलं, शेतातलं पहिलं देवाला वाहतात आणि नंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. आमच्याकडून आईची लाडकी तांबडी कोंबडी होती. तिचे पाय मी बांधले होते. माझ्या गाठीला वाळत घातलेलं लुगडंही जुमानत नाही. वेदीसमोर कोंबडी सुटली, भोपळ्यांवरून उडाली आणि थेट दाराकडे पळाली.

बायको कुजबुजली, "बांधली होती, का नुसतं समजावलं होतं तिले?"

लोक हसत होते. तेवढ्यात, माझ्या हाताशिवाय कधी न उठणारी आई एकटीच उठली आणि "थांब व माय" म्हणत कोंबडीमागे निघाली.

ती दाराशी पोचली आणि मागे धाडकन आवाज झाला. दगडी बोंड सतरंजीच्या मधोमध पडलं होतं. आईचा चष्मा तिथेच राहिला होता. आता नुसत्या काचा होत्या. मी रिकामी सुतळी धरून उभा. त्या वेळी मी काय बोललो ते मला आठवत नाही. बायको म्हणते, "परमेश्वरा" एवढंच, पण कितीतरी वेळ.

लिलावात कोंबडीवर कोणी बोली लावली नाही. फादरांनी ती आईच्या हातात दिली. "घेऊन जा, आजी. हिचं अर्पण झालं."

आई आता दाराजवळ बसते. "इथूनही क्रूस दिसते," म्हणते. मी सांगून तिला उठवू शकलो नाही. देवाने ते काम माझ्या सैल गाठीकडून करून घेतलं. आता प्रार्थनेत मी काही आवळून धरत नाही. मागणं त्याच्यासमोर ठेवतो आणि हात मोकळे सोडतो.